तोंडावरचे खड्डे आणि सुई

माझ्या नातीच्या तोंडावर खड्डे होते. शिकलेली माणसं त्याला वण म्हणतात, डाग म्हणतात. मी खड्डेच म्हणते, कारण डागावरनं बोट फिरवलं तर काही लागत नाही आणि हिच्या गालावर लागायचं. काही खड्डे डाळीएवढे पसरट, काही दाभणानं टोचल्यासारखे बारीक आणि खोल. दहावीत असताना मुरमं उठायला लागली. कॉलेज संपत आलं तरी उठतच राहिली, आणि जाताना प्रत्येकानं आपली जागा कोरून ठेवली.

आम्ही कसबा बावड्याचे. घरात मुलगा, सून, ही नात, मी आणि गोठ्यात दोन म्हशी. नात आमच्या गल्लीतल्या महिला दूध संस्थेत कामाला. सकाळ-संध्याकाळ बायका दूध घालायला येतात, ही दूध मोजून घेते, मशीनवर फॅटचा आकडा काढते, पावती देते. पाणी घातलेलं दूध ती घेत नाही, मग ते चेअरमनच्या घरचं असो नाहीतर माझं. त्यामुळं लोक तिला वचकून असत. पण तिच्या तोंडाविषयी बोलायला कुणी वचकत नसे. आमच्याकडं मनात ठेवायची पद्धतच नाही. किटली खाली ठेवायच्या आधी सुरू.

"काय गं पोरी, तोंडाला काय लावतीस की न्हाय?"

"जायफळ उगाळून लाव की."

"जायफळानं काय हुतंय! धारेचा पहिला फेस लाव. माझ्या भाचीचं तोंड बघ जा, आरशागत हाय."

"तुझ्या भाचीला मुरमं हुतीच कधी?"

"न्हवतीच. म्हणून तर सांगतो."

असं सगळं. पोरीचं तोंड म्हणजे गावाचं गायरान झालं होतं, कुणीही यावं आणि आपलं जनावर सोडावं. तिनंही सगळं करून बघितलं. कडुनिंब, मुलतानी माती, लिंबू. लिंबानं तर असं भाजलं की दोन दिवस गालाला पदर लागू देईना. शेवटी तिनं स्कार्फ बांधला. स्कूटरवर सगळ्याच पोरी बांधतात, पण ही दूध मोजतानाही सोडेना. फक्त डोळे दिसायचे. बायका चिडवायच्या, "ओळख पटव आधी, मग किटली देतो."

संस्थेचे जुने सचिव आता थकले होते. गडी सरळ. त्यांनी एक दिवस आमच्या उंबऱ्यात येऊन सांगितलं, "पुढच्या वार्षिक सभेला मी अहवाल वाचणार न्हाय. ही वाचंल. हिच्यासारखा हिशेब कुणाला जमत न्हाय. सचिव हीच."

मुलगा खूश झाला. सून चहा टाकायला उठली. नात म्हणाली, "मी न्हाय उभारत त्या स्टेजवर."

"का गं?"

"सगळं गाव माझ्याकडं बघत बसणार. स्कार्फ बांधून अहवाल वाचू?"

ते म्हणाले, "सभेला वेळ हाय. विचार कर." आणि चहा पिऊन गेले. ती आत जाऊन पडली ती जेवायलाच उठली. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला राग आला. ज्या पोरीला अख्खी गल्ली फसवू शकत नाही, ती दोन गालांपायी घरात बसणार, हे मला पटेना.

मधल्या काळात आणखी एक घोळ झालेला होता. सुनेला कुणीतरी मेडिकलमधलं एक मलम सांगितलं. ट्यूबवर गोऱ्या बाईचं चित्र. लावल्यावर आठवड्यात तोंड उजळलं, मुरमं बसली, सून सगळ्यांना सांगत सुटली. महिन्या-दीड महिन्यानं लावायचं थांबवलं तर तोंड लालभडक, आग आग, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट मुरमं. मग परत तेच मलम. दारुड्याला दारू लागते तसं त्या कातडीला ते मलम लागलं होतं. तेव्हा मी म्हटलं, आता पुरे. बैलाचा पाय मोडला तर जनावरांच्या डॉक्टरला बोलावता, आणि पोरीचं तोंड मेडिकलच्या पोराकडनं दुरुस्त करून घेता?

राजारामपुरीतली एक कातडीची डॉक्टरीणबाई कुणीतरी सांगितली. मीही बरोबर गेले. सून म्हणाली, "तुम्ही कशाला, आत्ती?" मी म्हटलं, "बघायला."

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतली. बारीक अंगाची, आवाज मोठा. तिनं नातीला स्कार्फ काढायला सांगितलं. गोड बोलून नाही, "काढा" एवढंच. मग दिवा ओढून आडवा धरला. समोरनं उजेड पाडला असता तर खड्डे दिसले नसते. आडवा धरल्यावर एकेका खड्ड्याची सावली पडली. मला तिथंच ती बाई पटली. जमीन सपाट आहे का हे बघायला माझा नवराही सकाळच्या कोवळ्या उन्हातच बांधावर जायचा. दुपारी सगळंच सपाट दिसतं.

"काय काय लावलंय आत्तापर्यंत?"

नातीनं सगळं सांगितलं. ट्यूबही पिशवीत होती. डॉक्टरीणबाईनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि सुनेला म्हणाली, "ताई, ह्यात स्टेरॉइड आहे. हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण मिळतं. तुमची चूक नाही. पण आता घरात ठेवू नका." सून रडायला लागली. डॉक्टरीणबाईनं तिला पाणी दिलं आणि तिचं होईपर्यंत पुढचं लिहून घेतलं. वेळ फुकट घालवला नाही.

माझा मुलगाही बरोबर होता, मोबाइलवर बघून आलेला. म्हणाला, "मॅडम, लेझर मारून टाका की एकदाच."

"घरात पुराचं पाणी असताना भिंतीला रंग देता का?"

आम्ही पंचगंगेच्या काठची माणसं, आम्हाला हे कळतं.

"आधी पाणी ओसरू दे. नवीन मुरमं थांबली पाहिजेत. मग पडझड किती झाली ते बघू आणि बांधकाम करू. त्याला महिने लागतात. आणि आधीच सांगते, कोरं तोंड मी देणार नाही. कुणीच देऊ शकत नाही. कमी करून देईन. चालत असेल तर हो म्हणा."

नातीनं विचारलं, "निम्मं तरी जाईल?"

"आकडा सांगत नाही. जाईल ते तुझं, राहील तेही तुझंच."

बाहेर सून म्हणाली, ही बाई फार तोडून बोलते. मी म्हटलं, म्हणूनच हिच्याकडं यायचं.

रात्री लावायचं मलम आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांआधी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईनं नातीला तोंडावर सांगितलं की ही गोळी चालू असताना आणि बंद झाल्यावरही काही दिवस पोट राहता कामा नये, मुलात दोष येतो. सून कानकोंडी झाली. "अजून लग्न न्हाय हो तिचं." डॉक्टरीणबाई म्हणाली, "तरी सांगायचं असतं. प्रत्येकीला सांगते." चांगलं केलं. आमच्या वेळी असल्या गोष्टी कुणी सांगत नसत, आपलं आपणच भोगून कळायचं.

ओठ फुटले, डोळे कोरडे पडले, नात कुरकुरली नाही. हळूहळू मुरमं थांबली. मग गोळ्या बंद, मग थोडं थांबायचं, आणि मग खड्ड्यांचं काम.

पहिल्या दिवशी मी आतच बसून राहिले. नर्स म्हणाली, "आज्जी, बाहेर बसा." मी म्हटलं, "मी म्हशीचं बाळंतपण करतो, मला काय चक्कर येत न्हाय." डॉक्टरीणबाई हसली. "बसू दे त्यांना. आमच्या गडहिंग्लजकडच्या घरी अजून म्हशी आहेत, माझी आजीही अशीच."

तिनं मला जे सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. सगळे खड्डे एका जातीचे नसतात. पसरट खड्ड्याच्या खाली आत दोर तयार झालेले असतात, ते वरची कातडी आत ओढून धरतात. वरनं काहीही चोळा, तो दोर सुटत नाही. म्हणून कातडीच्या खालनं सुई आडवी घालायची आणि ते दोर तोडायचे.

मी म्हटलं, "म्हणजे वाकळेचा टाका तोडल्यागत."

ती थांबली. "म्हणजे?"

"वाकळेला टाका घातला की तिथं खळगा पडतो. टाका उसवला की कापड वर येतं."

"अगदी हेच," ती म्हणाली.

बारीक खोल खड्ड्यांना दुसरं. काडीच्या टोकावर औषधाचा एक थेंब, खड्ड्याच्या तळाशी टेकवला की तेवढीच जागा पांढरीफेक होते. मग तिथं खपली धरते, आणि खपलीखाली कातडी तळापासनं वर येत जाते. कानशिलाजवळ एक खड्डा फारच खोल होता. तो तिनं गोल कापून काढला आणि एक टाका घातला. आणि सगळ्या गालाला मग पेनासारखं मशीन, त्याच्या तोंडाला बारीक सुया. ते शिलाई मशीनसारखं गुरगुरत गालावरनं फिरतं. सुयांनी कातडीला टोचून जागं करायचं, की तुला जखम झालीय, ऊठ, कामाला लाग. मग कातडीच आपली आपण भरत येते. बाहेरचं काही आणून भरायचं नाही. भरतात म्हणे काही ठिकाणी, पण ते विरघळून जातं. हे मला फार आवडलं. ज्याचं रान त्याच्याच मातीनं भरून काढायचं.

लेझरचंही तिनं सांगितलं. आहे, चांगलं आहे, पण आपल्या सावळ्या कातडीवर जास्त झालं तर खड्डा जातो आणि काळा डाग राहतो. म्हणून ते शेवटी, जपून, लागलंच तर. तिच्याकडं ते मशीन होतं. असूनही वापरायची घाई नव्हती. दुकानात माल असून न विकणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

तोंड बधिर करायचं मलम लावलं होतं, तरी गालाखालनं सुई फिरते तेव्हा कर्र कर्र असा आवाज येतो. मला ऐकू आला. नातीला तर कवटीत येत असणार. तिनं खुर्चीची दांडीसुद्धा धरली नाही. हात मांडीवर ठेवून छताकडं बघत राहिली.

मी लहान असताना गोंदणारीण आली होती. माझ्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेलं आहे. मी एवढी ओरडले होते की चुलतीनं माझे पाय धरून ठेवले आणि आई छातीवर बसली. तेही सुईचंच काम, पण ते डाग उमटवायला. डॉक्टरीणबाईला मी ते सांगितलं. ती माझ्या कपाळाकडं बघून म्हणाली, "हेही निघतं आता, आज्जी. काढायचं?"

"नको. वर गेल्यावर वळखणार कसं मला?"

नात बधिर तोंडानं हसली, तर हसू एकाच बाजूनं आलं.

घरी आलो तेव्हा तिचे गाल काळेनिळे होते. कुणी मारल्यासारखे. शेजारणीनं तेच विचारलं. मी म्हटलं, "पैसं देऊन मारून घेतलंय." महिन्या-महिन्यानं हे असं होत राहिलं. उन्हात जायचं नाही, गेलं तर स्कार्फ आणि उन्हाचं मलम. तोंडाला धूळ लागू द्यायची नाही, रंग, पावडर, हळद काही नाही. सुया मारल्यावर कातडीला बारीक बारीक दारं उघडी असतात. त्यातनं जे आत जाईल ते आतच राहील.

आणि नेमका तेव्हाच गुलाल आला.

संस्थेची निवडणूक बिनविरोध झाली. नव्या मंडळानं पहिल्याच बैठकीत जुन्या सचिवांच्या सांगण्यावरनं नातीला सचिव नेमलं. ती बैठकीला नव्हतीच; परवाच सुया मारून आली होती आणि घरात बसून होती. तिला कुणी विचारलं नाही. आमच्याकडं मान द्यायचा ठरला की ज्याला द्यायचा त्याला विचारत नाहीत. हलगी वाजायला लागली आणि गल्लीच्या तोंडाला सगळं गुलाबी झालं. कोल्हापुरात गुलाल म्हणजे कपाळाला बोट लावायचं काम नाही. पोत्यानं आणतात आणि घमेल्यानं ओततात. ज्याच्या डोक्यावर गुलाल पडला नाही तो जिंकलाच नाही, आणि ज्यानं चुकवला त्यानं सगळ्यांचा अपमान केला.

सून दार लावायला धावली. मी म्हटलं, "दार लावलंस तर वर्षभर ऐकून घ्यायला लागंल." आणि मीच उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

"नव्या सचिवांना बोलवा!"

"तिच्या तोंडाला औषध हाय. गुलाल चालत न्हाय. माझ्या डोस्क्यावर वता."

"आज्जी, तुमाला कशापायी? तुमी काय निवडून आलाय?"

"तिला मी वाढिवलंय. वता म्हटलं न्हवं!"

त्यांनी ओतला. अर्धं पोतं तरी असेल. नाकातोंडात गेला, लुगडं गेलं. पण गर्दी हलेना. मागनं कुणीतरी ओरडलं, "सचिव लाजत्यात काय?" दुसरा म्हणाला, "स्कार्फ सोडा आता तरी, ताईसाहेब!" हशा पिकला. मी तोंड उघडणार एवढ्यात माझ्या मागनं नात बाहेर आली.

डोक्यावर बापाचं हेल्मेट. काच खाली ओढलेली, आणि काचेच्या खालनं गळ्याभोवती टॉवेल गच्च गुंडाळलेला. ते हेल्मेट माझ्या मुलानं पोलिसांच्या भीतीनं घेतलेलं, आणि घेतल्यापासनं खुंटीवरच टांगलेलं. पुढच्या पोरांनी वाकून काचेत बघितलं. मग हलगीवाल्यानं अशी थाप मारली की विचारू नका.

"नाद खुळा!"

"वता, वता, आता कितीबी वता!"

घमेलीच्या घमेली हेल्मेटवर ओतली. ती आतनं काय बोलत होती ते कुणाला ऐकू येत नव्हतं, पण दोन्ही हात वर करून नाचली. मी तिला नाचताना दहावीनंतर पहिल्यांदा बघितलं. घरात आल्यावर सुनेनं हेल्मेट अंगणातच काढायला लावलं आणि आधी गालाकडं बघितलं. एक कण लागला नव्हता. डॉक्टरीणबाईला पुढच्या वेळी हे सांगितलं तर ती सुई हातातनं खाली ठेवून हसली. म्हणाली, "माझ्या सगळ्या पेशंटना सांगते हे."

सभा देवळाच्या मंडपात असते. तोवर अजून दोन खेपा व्हायच्या होत्या, पण गालांवर फरक दिसत होता. खोटं सांगत नाही. खड्डे गेले नव्हते. पसरट होते ते वर आले होते, बारीक होते त्यांची तोंडं मिटत आली होती, आणि आडवा उजेड पडला की अजूनही दिसत होते. नातीनं त्या सकाळी आरशापुढं दिवा आडवा धरून बघितला. मग दिवा ठेवला, साडी नेसली आणि स्कार्फ न बांधता मंडपात जाऊन बसली. वाटेत मला म्हणाली, "आज्जी, माझं पोट दुखतंय." मी म्हटलं, "दुखू दे. पोट कुणाला दिसत न्हाय."

आमच्याकडच्या सभेत विषय वाचायच्या आधीच लोक "मंजूर, मंजूर" म्हणून ओरडतात. कारण त्यांना मागं ठेवलेली मिसळ दिसत असते. नातीनं माइक धरला. "विषय एक" म्हणाली तोच "मंजूर!" ती थांबली. म्हणाली, "विषय अजून वाचलेला न्हाय. वाचल्यावर मंजूर म्हणा." थोडे हसले, थोडे गप्प बसले.

ती फॅटच्या हिशेबावर आली तेव्हा मागनं एक गडी उठला. बायकोच्या नावावर सभासद, दूध स्वतः आणणार. मागच्या वर्षी त्याचं दूध नातीनं बऱ्याचदा परत पाठवलं होतं. तो ओरडला, "हिशेब ऱ्हाऊ दे! आधी तोंडावरचं खड्डं बुजवा, मग संस्थेचं बघा!"

चेअरमनबाई उठायला लागल्या. सुनेनं माझा हात दाबला. मी नातीकडं बघत होते. तिचा हात वर गेला, गळ्याशी, जिथं स्कार्फची गाठ असायची तिथं. तिथं काही नव्हतं. मग तो हात तिनं माइकवर ठेवला.

"काका, खड्ड्यांचं काम चालू हाय. डॉक्टर चांगल्या हायत, निम्मं झालंय, निम्मं ऱ्हायलंय. तुमच्या दुधातल्या पाण्याला कुठला डॉक्टर बघायचा तेवढं सांगा."

मंडपात असा हशा पिकला की त्याची स्वतःची बायको पदर तोंडात घालून हसली. कुणीतरी ओरडलं, "मंजूर!" आणि मग सगळेच, "मंजूर! मंजूर!" तो गडी खाली बसला. खाली बसून तोही हसला, नाहीतर त्याला मिसळ गोड लागली नसती. नातीनं हशा संपेपर्यंत थांबून पुढचा आकडा वाचला. शेवटपर्यंत सगळं वाचलं. जुन्या सचिवांनी आयुष्यात कधी एवढं वाचलं नसेल. मिसळ गार झाली, आणि त्याबद्दल तिला पुढं महिनाभर शिव्या बसल्या.

मी फार कुणाचं कौतुक करत नाही. केल्यानं माणसं बिघडतात. पण त्या डॉक्टरीणबाईनं जेवढं होतं तेवढंच सांगितलं आणि सांगितलं तेवढं करून दाखवलं, हे मी सगळ्यांना सांगते. आणि पोरीनं राहिलेले खड्डे घेऊनच माइक धरला. ते सुईनं झालेलं नव्हतं.

सभा सुटली तेव्हा ऊन रणरणत होतं. मंडपाच्या पायरीवर नातीनं पिशवीतनं स्कार्फ काढला आणि तोंडाला गुंडाळायला लागली. मी म्हटलं, "आता कशाला झाकतीस गं?"

"ऊन हाय, आज्जी," ती म्हणाली. "बुधवारी परत सुया हायत. काळं पडलं तर डॉक्टर मारत्यात मला."

आणि गाठ मारून पुढं चालायला लागली.